एक्झॉस्ट बदलून गाडीचा आवाज भारदस्त करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायलेन्सर कापला की आवाज वाढतो, त्याला फारसं डोकं लागत नाही. गाडी सुरू होताच छातीत जाणवणारी घुमार हवी, पण लांबच्या प्रवासात डोकं दुखायला नको, इंजिनाचा चेक लाइट लागायला नको आणि तपासणीत गाडी अडायला नको, हे सगळं एकत्र जमवणं मात्र अवघड आहे. पुढची उत्तरं त्यासाठी आहेत. ती कारपुरती आहेत, मोटारसायकलचं गणित बरंच वेगळं असतं.

मोठा आवाज आणि खोल आवाज एकच ना?

नाही. बहुतेकांचे पैसे याच गैरसमजापायी जातात. एक्झॉस्टच्या आवाजात अनेक कंपनं एकदम मिसळलेली असतात. तळाला खर्ज, मध्ये कानाला बोचणारा भाग आणि वरच्या पट्टीत वायूची फसफस, पत्र्याची झणझण. ज्याला आपण भारदस्त म्हणतो तो आवाज तळाचा भाग राखून वरचा गाळल्यावर ऐकू येतो. सायलेन्सर उडवला की सगळंच एकदम वाढतं. माणसाचा कान मधल्या आणि वरच्या पट्टीला जास्त तीक्ष्ण असल्यामुळे खर्ज त्याखाली दबून जातो आणि गाडी नुसती ओरडत राहते.

माझ्या गाडीचा मूळ सूर कशावरून ठरतो?

इंजिनावरून. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना, ६० नं भागा, सिलिंडरच्या संख्येनं गुणा आणि दोननं भागा. जो आकडा येईल तो एक्झॉस्टचा मूळ सूर, हर्ट्झमध्ये. चार सिलिंडरची गाडी ३,००० आरपीएमवर १०० हर्ट्झ देते. त्याच वेगाला तीन सिलिंडरची ७५, सहाची १५० आणि आठची २००.

हे गणित हाताशी ठेवा, ड्रोनच्या, म्हणजे गाडीच्या आत होणाऱ्या घूं-घूंच्या, प्रश्नात ते पुन्हा लागणार आहे.

आठ सिलिंडरचा सूर जास्त उंच, मग व्ही-एट एवढी खोल का वाटते?

कारण तिथे फक्त मूळ सूर ऐकू येत नाही. व्ही-एटमध्ये आठ सिलिंडर व्ही आकारात, दोन बाजूंना चार-चार असे असतात. अमेरिकन धाटणीच्या व्ही-एटमध्ये क्रॅंकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, खांदे एकमेकांशी ९० अंशांत असतात, त्याला क्रॉस-प्लेन म्हणतात. सगळं इंजिन मिळून पाहिलं तर स्फोट समान अंतरानं होतात, पण एका बाजूच्या चार सिलिंडरांकडे पाहिलं तर ते अनियमित अंतरानं पेटतात: कधी दोन लागोपाठ, कधी लांब खंड. प्रत्येक बाजूचा पाइप वेगळा असल्यानं ही अनियमितता बाहेरपर्यंत पोचते आणि मूळ सुराच्या खाली आणखी खालचे सूर उमटतात. तीच ती थबकत येणारी गुरगुर. फेरारीच्या फ्लॅट-प्लेन व्ही-एटमध्ये क्रॅंकचे खांदे एकाच पातळीत असतात, दोन्ही बाजू आळीपाळीनं नेमक्या अंतरानं पेटतात, म्हणून तेवढ्याच सिलिंडरांतून तार सप्तकातली किंकाळी निघते.

सुबारूच्या जुन्या टर्बो बॉक्सर (आडवे, समोरासमोर सिलिंडर असलेल्या) गाड्यांची ओळखीची घरघरही याच जातीची. तिथे मॅनिफोल्डचे, म्हणजे सिलिंडरांतला वायू गोळा करणारे, पाइप असमान लांबीचे होते, त्यामुळे चार सिलिंडरांचे ठोके टर्बोपर्यंत, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा भरणाऱ्या पंख्यापर्यंत, मागेपुढे पोचत. समान लांबीचा मॅनिफोल्ड लावला की ती घरघर जाते.

मग माझ्या तीन किंवा चार सिलिंडरच्या गाडीला व्ही-एटचा आवाज येईल का?

येणार नाही, कितीही खर्च केला तरी. तिच्या स्वतःच्या आवाजात मात्र खूप काही दडलेलं असतं. तीन सिलिंडरला एक घोगरी लय असते, ती नीट खुलवली तर फार छान लागते. इनलाइन चार सिलिंडरची गाडी खालच्या आरपीएमला घुमते आणि वर ताणली की धारदार होते. दुसऱ्या इंजिनाच्या मागे लागलं की पाइप वाजवीपेक्षा मोठे होतात आणि हाती भसाडा आवाज येतो.

सुरुवात कुठून करावी? कोणता भाग बदलल्यानं काय होतं?

इंजिनापासून मागे येत गेलं तर क्रम असा असतो: मॅनिफोल्ड, डाउनपाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे कॅट, मग लवचीक फ्लेक्स पाइप, मधला पाइप, त्यावरचा रेझोनेटर, मागचा मफलर आणि शेवटी टिप, म्हणजे बाहेर दिसणारं तोंड. बोलताना आपण मागच्या डब्यालाच सायलेन्सर म्हणतो, पण आवाज आवरायचं काम रेझोनेटर आणि मफलर मिळून करतात, थोडं कॅटही करतो.

माझा सल्ला: आधी फक्त मागचा मफलर बदला. त्यातून किती फरक पडतो ते काही आठवडे गाडी रोज वापरून पाहा. बऱ्याच जणांना तेवढ्यावर हवं ते मिळतं. मफलर बदलला तर जुना परत बसवता येतो आणि उत्सर्जनाच्या यंत्रणेला हात लागत नाही. पुढचे भाग बदलायला लागलं की खर्च, नियम आणि सेन्सर या तिन्ही गोष्टी वाढत जातात.

रेझोनेटर काढून मफलर ठेवला तर स्वस्तात काम होईल का?

स्वस्तात होईल, पण जे मिळेल ते बहुधा आवडणार नाही. रेझोनेटरचं काम ठरावीक पट्टीतली कर्कशता खाणं हे आहे. तो काढला की चार सिलिंडरच्या गाडीत मधल्या आरपीएमला डबा बडवल्यासारखा चिरका आवाज येतो. खर्ज हवा असेल तर उलट करून पाहा: रेझोनेटर ठेवा, हवं तर जरा लांब घ्या, आणि मफलर मोकळा लावा.

मफलरमध्ये कोणता प्रकार घ्यावा?

बाहेरून सगळे डबे सारखेच दिसतात. आत मुख्यतः दोन पद्धती असतात.

पहिली सरळ नळीची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भोकं पाडलेली नळी जाते, तिच्याभोवती काचतंतू किंवा स्टीलची लोकर दाबून भरलेली असते. आवाज भोकांतून भरणात शिरतो आणि तिथे घर्षणानं त्याची उष्णता होते. लहान तरंगलांबीचा, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज यात चांगला मुरतो, खर्ज बराचसा तसाच पुढे जातो. आपल्याला हवं असतं तेच. वायूला अडथळाही कमी. पण डबा आखूड असेल तर भरण पुरत नाही आणि आवाज नुसता मोठा होतो. या प्रकारात लांबी फार महत्त्वाची. दोन मफलर हातात घेऊन निवडायची वेळ आली तर जागेत बसेल तेवढा लांब आणि जड घ्या.

दुसरी कप्प्यांची. आत पत्र्याच्या भिंती असतात, लहरी त्यांच्यावर आपटून उलट फिरतात आणि काही पट्टीच्या लहरी एकमेकींना मारतात. भरण नसल्यामुळे जळून जायला काही नसतं. याचा आवाज जरा ठोकेदार, जुन्या मसल कारसारखा लागतो. वायूला अडथळा जास्त. व्ही-एटवर हे फार शोभतात, छोट्या इंजिनावर मी घालणार नाही.

कंपनीचा मूळ मफलर या दोन्हींचं मिश्रण असतो आणि तो फार विचार करून बनवलेला असतो, हे त्याला शिव्या देण्याआधी लक्षात घ्यावं.

इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतं असं गॅरेजवाले म्हणतात. खरं का?

नाही. मागचा दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो, तो पिस्टनला वायू ढकलायला जास्त कष्ट देतो. हा समज तयार व्हायला एक खरा अनुभव कारणीभूत आहे: फार जाड पाइप लावल्यावर खालच्या आरपीएमचा पिकअप पडतो. पण तो दाब कमी झाल्यामुळे नाही, वायूचा वेग कमी झाल्यामुळे पडतो. सिलिंडरमधून निघालेला वायूचा लोंढा वेगानं पुढे गेला की मागे कमी दाबाचा पट्टा सोडतो, आणि तो पट्टा पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून घ्यायला मदत करतो. पाइप प्रमाणाबाहेर मोठा केला की लोंढा पसरतो, रेंगाळतो आणि ही ओढ जाते.

मग पाइप किती जाड घ्यायचा?

इंजिनाच्या ताकदीला शोभेल तेवढा. छोट्या, बिनटर्बो चार सिलिंडरला २ ते २.२५ इंच साधारण पुरतात. जास्त ताकदीच्या किंवा टर्बो इंजिनाला २.५ किंवा ३ इंच. आकडे जवळचे दिसतात, पण क्षेत्रफळ वर्गानं वाढतं: २.२५ वरून २.५ वर गेलात तर पाइपचं तोंड जवळपास २३ टक्क्यांनी मोठं होतं. शंका असेल तर लहान माप घ्या.

वाकवण्याची पद्धतही पाहा. साध्या यंत्रावर पाइप वाकवला की वळणावर तो चेपतो आणि आतली जागा आक्रसते. मॅंड्रेलवर, म्हणजे आतून आधार देऊन, वाकवलेला पाइप वळणातही गोल राहतो. गाडीखाली वाकून वळणाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवलं की सुरकुत्या लगेच कळतात.

हायवेवर एका ठरावीक वेगाला आतमध्ये असह्य घूं-घूं होते. काय करू?

यालाच ड्रोन म्हणतात. एक्झॉस्ट बदलून पस्तावणारे जास्त करून यामुळेच पस्तावतात. रस्त्यावर उभं राहून ऐकणाऱ्याला गाडी सुंदर वाटते, पण आत बसलेल्याला टॉप गिअरमध्ये एकाच आरपीएमला कानावर दाब जाणवतो, आरसा थरथरतो, मागच्या सीटवरचं मूल झोपत नाही. एक्झॉस्टचा सूर आणि केबिनमधल्या हवेची किंवा पत्र्याची नैसर्गिक कंपनं जुळली की असं होतं. गाण्याचा आवाज वाढवून ते झाकत नाही.

आधी ड्रोन नेमका कुठे आहे ते पाहा. एका गिअरमध्ये हळूहळू वेग वाढवत न्या आणि सर्वांत जास्त त्रास होतो तो आरपीएम सोबतच्या माणसाला लिहून घ्यायला सांगा. समजा चार सिलिंडरच्या गाडीत तो २,४०० निघाला. वरच्या सूत्रानं २,४०० भागिले ६० म्हणजे ४०, चारनं गुणून दोननं भागलं की ८० हर्ट्झ. आता मारायचा आहे तो फक्त ८० हर्ट्झ.

त्यासाठी मुख्य पाइपला एक आडवा, शेवटी बंद केलेला पाइप जोडतात, वाकलेल्या आकारावरून त्याला जे-पाइप म्हणतात. त्याची लांबी तरंगलांबीच्या चौथाईइतकी ठेवली की लहर आत जाऊन बंद टोकावर आपटते, परत येते तेव्हा नेमकी उलट्या टप्प्यात असते आणि मूळ लहरीला खाऊन टाकते. लांबीचं सूत्र सोपं आहे: आवाजाचा वेग भागिले वारंवारितेची चौपट. बंद पाइपमधला वायू मुख्य पाइपपेक्षा थंड असतो, तिथे वेग सेकंदाला ४०० मीटर धरला तर ४०० भागिले ३२० म्हणजे १.२५ मीटर. तापमान बदललं की हा आकडा हलतो, म्हणून टोक कायमचं वेल्ड करण्याआधी थोडं कमीजास्त करून पाहावं लागतं. या उपायाची खरी मजा अशी की बाकीच्या आवाजाला धक्का लागत नाही, फक्त तेवढा एक सूर जातो.

सव्वा मीटर पाइपला खाली जागा नसेल तर हेल्महोल्ट्झ रेझोनेटर बसवतात: एक बंद डबा आणि त्याला बारीक मान. तत्त्व जवळचंच, जागा कमी लागते, हिशेब मात्र जास्त किचकट. हे दोन्ही नको असतील तर लांब रेझोनेटर किंवा मोठा मफलर. पत्र्यावर ध्वनिरोधक चादर चिकटवून ८० हर्ट्झच्या ड्रोनमध्ये थोडाच फरक पडतो.

आणखी एक तपासा. पाइप कुठे बॉडीला, क्रॉसमेंबरला किंवा हीट शील्डला टेकत असेल तर हुबेहूब ड्रोनसारखाच आवाज येतो. पाइप टांगणाऱ्या हँगरची रबरं फार कडक असतील तरी कंपनं सरळ फरशीत उतरतात. आधी हे बघा, मग पाइप कापा.

एक्स-पाइप आणि एच-पाइप म्हणजे काय?

व्ही आकाराच्या इंजिनात दोन बाजूंचे दोन पाइप असतात, ते मध्ये जोडण्याच्या दोन रीती. एच म्हणजे मध्ये आडवा पूल, त्यानं गुरगुर टिकून राहते आणि खोलवर उतरते. एक्स म्हणजे दोन्ही पाइप एकमेकांत मिसळून पुन्हा वेगळे होतात, ठोके एकसारखे होतात आणि सूर चढा, गुळगुळीत होतो. खर्ज हवा असेल तर एच. एकाच पाइपच्या गाडीला हा प्रश्न पडत नाही.

टर्बो गाडीचा आवाज इतका दबका का असतो?

कारण टर्बाइन एक्झॉस्टमधली ऊर्जा घेऊनच फिरतं. ठोक्यांची धार तिथेच बोथट होते, त्यामुळे टर्बो हा एक प्रकारे पहिला सायलेन्सर ठरतो. याचा फायदाही आहे: मागे मोकळा मफलर लावला तरी टर्बो गाडी सहसा कर्कश होत नाही. टर्बाइननंतरचा अडथळा कमी झाल्याचा ताकदीवर परिणामही टर्बो गाडीत जास्त दिसतो.

युरोपात गेल्या काही वर्षांत आलेल्या डायरेक्ट इंजेक्शनच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत कणरोधक फिल्टरही असतो. तो आणखी आवाज खातो. त्यावर मागचा मफलर बदलून पडणारा फरक कमीच असतो, हे आधीच धरून चाला.

डिझेलचा?

डिझेलच्या मागच्या मफलरमधून फार काही मिळत नाही. टर्बो, कॅट आणि फिल्टर यांनी आवाज आधीच खाल्लेला असतो. ऑडीनं एसक्यू-५ टीडीआयमध्ये भारदस्त आवाजासाठी एक्झॉस्टला स्पीकरसारखं यंत्र जोडलं, ते उगाच नाही. डीपीएफ, म्हणजे डिझेलची काजळी अडवणारा तो फिल्टर, काढून आवाज मिळवू नका, त्यातून काळी काजळी सरळ लोकांच्या फुप्फुसात जाते.

कॅट काढला तर आवाज जास्त मोकळा होतो ना?

होतो, आणि तरीही काढू नका. कॅटच्या आतल्या बारीक जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू असतात आणि ते कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचा निकाल लावतात. तो काढला की गाडीच्या मागे उभ्या माणसाचे डोळे चुरचुरतात, केबिनमध्ये वास शिरतो, कॅटमागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळे पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) हा कोड येतो आणि चेक लाइट लागतो. सेन्सरला फसवायचे खटाटोप त्यापुढे सुरू होतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कॅट काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे. आवाजाच्या दृष्टीनंही कॅट वरच्या पट्टीची खरखर कमी करतो. तो गेला की आवाज रासवट होतो. ज्यांना खोल आवाज हवा त्यांनी कॅट आपला मित्र समजावा.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके फुटल्यासारखा आवाज हवाय.

तो आवाज सायलेन्सरमधून येत नाही, ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या, प्रोग्रॅममधून येतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही थोडं इंधन जाऊ देतात, ठिणगी उशिरा देतात आणि ते इंधन एक्झॉस्टमध्ये जळतं. काही स्पोर्ट्स गाड्यांत कंपनीच हे बेतशीर करून देते. बाहेरून चढवलेल्या ट्यूनमध्ये बेत राहत नाही. कॅटमध्ये जाऊन जळणारं इंधन त्याची जाळी वितळवू शकतं, टर्बो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हही तापतात. रात्रीच्या वेळी हा आवाज गोळीबारासारखा वाटतो आणि माणसं दचकून उठतात. मला हा प्रकार अजिबात पटत नाही.

मोठी टिप लावली तर आवाज खोल होतो का?

जवळजवळ नाही. टिप दिसण्यासाठी असते.

व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट घ्यावा का?

परवडत असेल तर रोजच्या गाडीसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पाइपमध्ये एक फुलपाखरी झडप असते, व्हॅक्यूमवर किंवा विजेच्या मोटरवर चालणारी. बंद असताना वायू पूर्ण मफलरमधून जातो, उघडली की मोकळ्या वाटेनं. पहाटे निघताना बंद, मोकळ्या रस्त्यावर उघडी. ड्रोनच्या आरपीएमला बंद ठेवता येते तो फायदा वेगळाच. झडपेचा दांडा काजळीनं आणि गंजानं अडकतो, म्हणून ती अधूनमधून हलवत राहावी. मफलरच्या आधीच वायू जमिनीकडे सोडणारे स्वस्त कटआउट मात्र यात धरू नका. त्यात गाळणी काहीच नसते आणि धूर गाडीच्या पोटाखाली साठतो.

स्टील कोणतं घ्यावं?

साधं स्टील लवकर गंजतं. ॲल्युमिनियमचा थर दिलेलं स्टील बरं. ४०९ स्टेनलेसमध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असतं, वरून तांबूस होतं पण टिकतं, कंपन्या तेच वापरतात. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, गंजाला सर्वांत चांगलं तोंड देतं. विकणारा ३०४ सांगत असेल तर चुंबक लावा: ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळपास नाही. टायटॅनियमचं वजन तेवढ्याच आकाराच्या स्टीलच्या साधारण ५७ टक्के, पण पातळ टायटॅनियमचा आवाज टणत्कारी, चढा लागतो. खर्जासाठी जरा जाड पत्र्याचं स्टील बरं.

ताकद किती वाढेल?

बिनटर्बो गाडीत फक्त मागचा मफलर बदलून जाणवण्याजोगी वाढ होत नाही. आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, तेवढंच. आवाजासाठी पैसे घालताय हे स्वतःशी स्पष्ट असू द्या.

बसवून घेताना गॅरेजमध्ये काय पाहू?

शक्य असेल तर गाडी लिफ्टवर असताना तिथेच थांबा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या जवळ पाइपवरच लावलाय ना ते पाहा, नाहीतर करंट भलत्या वाटेनं ईसीयू किंवा सेन्सरमधून जाऊ शकतो. स्टेनलेसला टिग वेल्डिंग उत्तम, आणि तेही पाइपच्या आतून आरगॉन सोडून. तसं केलं नाही तर जोडाची आतली बाजू काळी, खरखरीत होते आणि पुढे तिथूनच तडा जातो.

पाइप आणि बॉडी यांच्यात सगळीकडे किमान दोन बोटं जागा हवी. इंजिन सुरू करून कुणालातरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि पाइप किती हलतो ते बघा, इंजिन डुलतं तसा तोही डुलतो. ब्रेकचे पाइप, इंधनाची टाकी आणि प्लॅस्टिकचे भाग यांच्याजवळ पाइप येत असेल तर हीट शील्ड लागेलच. मूळ हीट शील्ड आड येतं म्हणून काढून फेकणारा मेकॅनिक दिसला तर काम थांबवा. टिप बंपरच्या मागच्या कडेपर्यंत बाहेर आलेली असावी, आत राहिली तर बंपर वितळतो आणि धूर गाडीखाली फिरतो.

जुनी गॅसकेट पुन्हा वापरू देऊ नका.

जोडामधून गळती आहे हे कसं ओळखायचं?

इंजिन थंड असताना सुरू करा आणि लगेच ऐका. गळती असेल तर टिक-टिक किंवा फुस-फुस ऐकू येते. पाइप तापून प्रसरला की ती बऱ्याचदा गायब होते, म्हणून गरम गाडीवर तपासून उपयोग नाही. जाड हातमोजा घालून क्षणभर टिपचं तोंड झाका, गळणारा जोड लगेच मोठ्यानं फुसफुसतो. काही दिवसांनी फ्लॅंजच्या, म्हणजे बोल्टनं आवळलेल्या चपट्या जोडाच्या, कडेला काळा काजळीचा पंखा उमटलेला दिसला तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

हे हलक्यात घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस शुद्ध हरपतो. बंद जागेत गाडी कधीही चालू ठेवू नका. नवा एक्झॉस्ट बसवल्यावर गाडीत डोकं दुखायला लागलं तर काचा उघडा, गाडी थांबवा आणि आधी गळती शोधा. गळती पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर आणखी एक घोटाळा होतो: दोन ठोक्यांमधल्या ओढीनं बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला इंधन कमी वाटतं आणि ईसीयू उगाच जास्त इंधन सोडतो.

नियम काय सांगतात?

देशागणिक वेगळे आहेत, तुमच्या भागातले नियम काम करण्याआधी वाचा. ढोबळ चौकट अशी की संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी ५१ क्रमांकाचा नव्या कारच्या आवाजाबद्दल आणि ५९ क्रमांकाचा बदली सायलेन्सरबद्दल आहे, आणि बरेच देश तेच किंवा त्यावर बेतलेले नियम वापरतात. बदली सायलेन्सरवर मान्यतेचा शिक्का कोरलेला असावा. 'फक्त रेसट्रॅकसाठी' असं लिहिलेला भाग रस्त्यावर चालत नाही. विमा कंपनीला बदल कळवा, अपघातानंतर तो निघाला तर दावा अडकू शकतो.

आवाज मोजायचा कसा?

उभ्या गाडीची प्रमाणित पद्धत अशी: टिपपासून अर्धा मीटर अंतरावर, वायूच्या दिशेशी ४५ अंशांत, टिपच्या उंचीवर माइक. नेहमीच्या पेट्रोल इंजिनासाठी, म्हणजे ज्याची कमाल ताकद ५,००० ते ७,५०० आरपीएमच्या दरम्यान येते त्यासाठी, ३,७५० आरपीएम धरतात. मोबाइलचं ॲप अचूक आकडा देत नाही, पण आधीचा आणि नंतरचा फरक पाहायला पुरतं.

डेसिबल साधे वाढत नाहीत. तीन डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दुप्पट, आणि दहा वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं. शिवाय नियमांतला मीटर ए-वेटिंगवर असतो, तो १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा करतो. म्हणून खर्जाची गाडी मीटरवर गरीब दिसते. पण तोच खर्ज भिंती आणि बंद खिडक्या सहज ओलांडतो, आणि शेजाऱ्याच्या मीटरला तो दिसला नाही तरी त्याच्या उशीला जाणवतो.

सकाळी सुरू करताना आवाज सर्वांत जास्त का?

कॅट लवकर तापावा म्हणून ईसीयू पहिला मिनिटभर आरपीएम चढा ठेवतो आणि ठिणगी उशिरा देतो, त्यामुळे जळतं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जातं. बिघाड नाही तो. गाडी सुरू करून तशीच ताटकळत ठेवू नका, पट्टा लावून सुरू करा आणि हलक्या पायानं निघा. इंजिनही चालता चालता जास्त चांगलं तापतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या रस्त्यावरच्या आवाजाची शिफारस केलेली मर्यादा सरासरी ४५ डेसिबल आहे. मोकळ्या एक्झॉस्टची एक गाडी गल्लीतून गेली की तेवढ्या वेळापुरती ती किती पटीनं ओलांडली जाते, याचा विचार आवाजाची हौस असणाऱ्यांनीच आधी करायला हवा.

नव्या सायलेन्सरमधून धूर येतोय, टिपमधून पाणी गळतंय.

दोन्ही साहजिक. बनवताना लागलेलं तेल पहिल्या तापण्यात जळतं, अर्ध्या तासात धूर थांबायला हवा. पाण्याचं म्हणाल तर एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. पाइप थंड असेल तर ते आत साचतं. रोज फक्त दोन-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा मफलर आतून गंजतो तो याचमुळे. अशा गाडीला अधूनमधून तासभर लांब फिरवून आणा. मफलरच्या तळाला बारीक भोक असेल तर ते पाणी निचरायला मुद्दाम ठेवलेलं असतं, बुजवू नका.

काही महिन्यांत आवाज बदललाय. कल्पना की खरंच?

खरंच. सरळ नळीच्या मफलरमध्ये भरण दबतं, भोकांच्या कडांना काजळी धरते आणि आवाज जरा घोटीव, खोल होतो. पुढे वर्षानुवर्षांनी भरण जळून उडून गेलं की तोच मफलर फाटका वाजायला लागतो. काही मफलर उघडून पुन्हा भरता येतात, घेतानाच विचारून ठेवा.

जुना सायलेन्सर भंगारात देऊ का?

देऊ नका. फ्लॅंज, हँगर आणि नट-बोल्टसकट एका पोत्यात बांधून कोरड्या जागी ठेवा, बोल्टना थोडं तेल लावून. तपासणीला, गाडी विकताना किंवा ड्रोननं जीव नकोसा झाला तर तोच लागतो. म्हणूनच गॅरेजमध्ये मूळ पाइप कापण्याऐवजी फ्लॅंजवरून उघडता येतो का ते आधी विचारा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर बहुतेक वेळा उघडतो.